फुग्यात वाईकडचे, बोटाखाली कराडकडचे

"सुलभाताई, तीस वर्षं ग्वाल्हेरात बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिताय, आता मोबाइलची ॲपं करताय. गमतीजमती असतीलच की! दिवाळी अंकाला हलकंफुलकं काहीतरी द्या," असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या आणि मी हो म्हणून बसले. गमती खरंच पुष्कळ आहेत. टोपीबाजारातल्या एका दुकानदाराला गिऱ्हाइकानं ॲप उघडलं की स्वतःचा फोटो हात जोडून वाकलेला दिसायला हवा होता. तो मी करून दिला आणि त्याच्या बायकोनं दोन दिवसांत काढायला लावला. असल्या गोष्टींनी दहा पानं सहज भरली असती. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढ्यात येऊन बसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. शेवटी म्हटलं, हीच लिहावी. हलकीफुलकी मुळीच नाही. तोंड लपवावंसं वाटायला लावणारी आहे.

आधी वस्तू काय ते सांगते, कारण ती तुम्ही रोज वापरता आणि तुम्हाला तिचं नावही माहीत नसतं. मोबाइलमध्ये लांबलचक यादी असते, नावांची म्हणा, गाण्यांची म्हणा. तळाशी जायचं तर बोटानं ढकलत किती वेळ बसणार? म्हणून उजव्या कडेला एक बारीक पट्टी असते. ती धरून खाली ओढली की यादी धडाधड पळायला लागते आणि बोटाशेजारी एक फुगा उमटतो. त्यात मोठं अक्षर असतं: क, ख, ग. आपण कुठवर आलो ते तो फुगा सांगतो. बोट उचललं की फुगा गेला. बस, एवढंच त्याचं आयुष्य. त्याच्याबद्दल आजवर कुणी मला शाबासकी दिली नाही, पण खरं सांगते, मला असलीच बारीक कामं आवडतात. थाटीपूरला आमच्या ऑफिसच्या दोन खोल्यांत बसून मी एकेका फुग्यावर आठवडा आठवडा घालवलाय.

आता ह्या फुग्यातली ग्यानबाची मेख. फुग्यात काय लिहायचं ते ठरवणारा कोड वेगळा असतो आणि यादी हलवणारा वेगळा. समजा यादीत शंभर ओळी आहेत आणि तुमचं बोट पट्टीच्या मध्यावर आहे. फुगा म्हणतो, शंभरातलं अर्धं म्हणजे पन्नासावी ओळ, लिही तिचं नाव. यादी मात्र ओळी मोजत नाही, लांबी मोजते. एकूण लांबीच्या अर्ध्यावर जाऊन ती थांबते. सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतील तर दोघांचं बरोबर जुळतं. पण वरच्या ओळी ऐसपैस आणि खालच्या बुटक्या असल्या, तर अर्धी लांबी चाळिसाव्या ओळीशीच संपते. मग फुगा पन्नासाव्याचं नाव सांगतो आणि समोर उभी असते चाळिसावी.

ह्यावर उपाय अगदी साधा आहे. फुग्यानं अंदाज करायचाच नाही. यादीलाच विचारायचं, बाई गं, आत्ता तुझ्या सगळ्यात वर कोण आहे, आणि तेच सांगायचं. सात-आठ ओळींचं काम. पण जुन्या फोनवर ह्यानं यादी जराशी अडखळते, म्हणून पुष्कळ जण अंदाजावर भागवतात. मीही भागवलं.

हा अंदाजाचा फुगा मी पहिल्यांदा केला तो दालबाजारातल्या एका शेठजींच्या मालाच्या यादीसाठी. आठ दिवसांत शेठजींनीच चूक पकडली. "मैडम, फुग्गा मसूर बोलता है और नीचे मटकी खड़ी है." मी ओशाळले. म्हटलं, दोन दिवस द्या, दुरुस्त करते. तर ते हसत सुटले. "रहने दो, दोनों अपनी ही दुकान की हैं." त्यांनी सोडून दिलं, मीही सोडून दिलं. पुढच्या वेळी नीट करू म्हणून वहीत एक ओळ लिहून ठेवली. म्हणजे हा दोष मला माहीत नव्हता असं मी कुणाला सांगूच शकत नाही. माहीत होता. पक्का माहीत होता.

त्यानंतर वर्षभरानं आमच्या इथल्या एका मराठी मंडळानं समाजाच्या यादीचं ॲप मागितलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ग्वाल्हेरातली मराठा घरं दख्खनेतून फौजेबरोबर आलेली. आमच्यासारखी माणसं मागाहून दरबारात लेखणी घासायला आली. फौजेतली घरं आपापल्या गावच्या भाऊबंदांना धरून राहिली आणि ती भाऊकी त्यांनी अजून सोडलेली नाही. इथे कुणी जाधव म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठले? कराडकडचे की वाईकडचे? ज्यानं जन्मात सातारा जिल्हा पाहिला नाही, ज्याची पोरं घरात हिंदीत भांडतात, तोही छाती पुढे काढून सांगतो, "आम्ही वाईकडचे."

ह्या भाऊकीचं खरं काम पडतं ते कुणी गेलं की. एक माणूस गेला की सगळ्या भाऊकीला सुतक. तिरडी उचलायच्या आत घरोघरी निरोप जायला हवा. हे निरोपाचं काम आबासाहेब मोरे विशीत असल्यापासून करत आलेले. वीज खात्यात लाइनवर नोकरी, ती सांभाळून. आधी सायकलवर जायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, उभ्या उभ्या निरोप सांगून पुढच्या दाराकडे वळायचं, अशी त्यांची रीत. पुढे फोन आले तेव्हा फोनवर सांगायला लागले, तेसुद्धा घरात खुर्ची असताना उभं राहून. त्यांचा निरोप चुकला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. समाजात त्यांच्याकडे ना पैसा ना पद, पण लग्नाच्या मांडवात ते आले की लोक उठून जागा द्यायचे ते ह्यासाठी.

पंचाहत्तरी उलटली आणि त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला. मोठी अक्षरं दिसायची, बारीक सगळी पुसट. मंडळाचे चिटणीस काळेसाहेब म्हणाले, "ॲप असं करा की आबासाहेबांना चालवता आलं पाहिजे. काम त्यांचं आहे, ते त्यांच्याकडेच राहायला हवं." मला ते फार आवडलं. मी डोकं चालवलं. यादी भाऊकीवार लावली, एका घराची एक ओळ आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांची नावं. प्रत्येक भाऊकीच्या डोक्यावर एक रुंद पट्टा, त्यावर 'निरोप' असं मोठं बटण. ते दाबून आबासाहेबांनी तोंडानं निरोप बोलायचा, फोन तो लिहून घेऊन त्या भाऊकीतल्या सगळ्या घरांना एकदम पाठवणार. आणि फुग्यात नुसतं अक्षर न ठेवता भाऊकीचं पूर्ण नाव ठेवलं, टपोरं, अर्धा पडदा व्यापणारं. बोट उचललं की यादी आपोआप जवळच्या पट्ट्याशी येऊन थांबायची. म्हणजे सगळ्यात वरचं बटण दाबलं की झालं. कौतुक करून घ्यावं असंच काम होतं ते.

आबासाहेब मात्र तयार होईनात. माझ्या ऑफिसात येऊन फोन हातात उलटासुलटा करत म्हणाले, "बेटा, बटणावरचं नाव तर मला वाचताच येत नाही. भलत्यालाच गेलं तर?"

"आबासाहेब, बटणावरचं वाचायचंच नाही. फुग्यात जे दिसतं तेच वर येतं. बेधडक दाबायचं."

"पक्का ना?"

"पक्का," मी म्हणाले.

हे मी म्हणाले तेव्हा त्या फुग्यामागे शेठजींच्या डाळींचाच कोड होता. गणपतीत उद्घाटन ठरलं होतं, दिवस थोडे होते, मी जुना फुगा उचलून इथे बसवला. तपासायला तीस खोटी घरं भरली, आळसानं सगळ्या घरांत चार चार माणसं टाकली. ओळी सारख्या उंचीच्या झाल्या आणि फुगा अगदी बरोबर निघाला. खऱ्या समाजात एका घरात दोन म्हातारी माणसं असतात आणि शेजारच्या घरात चौदा माणसांचं खटलं असतं, ते काय मला माहीत नव्हतं? खरी यादी भरल्यावर एकदा माझ्याच हातात फुगा एका नावानं पुढे धावलेला मी पाहिला होता. मनात म्हटलं, चलता है, उद्घाटन होऊन जाऊ दे. उद्घाटनाला इंदूर, झाशीहून मंडळाची माणसं आली, 'आमच्या सुलभाताईंचं ॲप' म्हणून मला हार घातला. त्या हारात मी वहीतली ओळ विसरले. विसरले कसली, विसरायचं ठरवलं.

माघ महिन्यात, ऐन लग्नसराईत, शिवपुरीला शंकरराव जाधव वारले. वाईकडचे जाधव. आबासाहेबांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा मुलगा महेश, त्यानं सकाळीच आबासाहेबांना फोन केला. शंकररावांचा धाकटा भाऊ वामनराव इथे मोरारला राहतो आणि दोन्ही घरांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. शेताच्या वाटणीवरून काहीतरी झालेलं. महेश म्हणाला, "आबासाहेब, काकांना मी फोन केला तर ते उचलणार नाहीत. भाऊकीचा निरोप गेला तरच येतील. दुपारी दोनपर्यंत आम्ही थांबतो."

आबासाहेब उभे राहिले. पट्टी ओढली, फुग्यात 'जाधव वाईकडचे' आलं तिथे बोट उचललं, सगळ्यात वरचं बटण दाबलं, निरोप बोलले. 'पाठवू का?' असं ॲपनं विचारलं. कुणाला पाठवू, ते त्या प्रश्नात लिहायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी 'हो' केलं. निरोप गेला तो फुग्याच्या मागे राहिलेल्या पट्ट्याला, म्हणजे 'जाधव कराडकडचे' ह्यांना.

इथल्या लष्कर भागातल्या एका कराडकडच्या जाधवांकडे त्या दिवशी मुलीची हळद होती. बायका उखळाशी बसलेल्या, आणि घरातल्या प्रत्येक फोनवर निरोप वाजला, जाधव भाऊकीतील शंकरराव शिवपुरी मुक्कामी वारले, सुतक धरावे. शिवपुरीला आपलं कोण, हे शोधण्यात दुपार गेली. तोवर हळद थांबली, मुलगी रडून रडून हैराण. संध्याकाळी उलगडा झाला आणि लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे लागलं, पण त्या घरानं अपशकुन मनातून काढला नाही. वामनरावांना मात्र तिसऱ्या प्रहरी, दुधाच्या दुकानावर, कुणा तिऱ्हाइताकडून कळलं की तुमचे थोरले भाऊ गेले. ते टॅक्सी करून शिवपुरीला पोचेपर्यंत चिता विझत आली होती.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये बैठक बसली. मलाही बोलावलं, ॲपवाली म्हणून. आबासाहेब भिंतीशी ताठ बसले होते. काळेसाहेबांनी विचारलं तेव्हा सरळ बोलले, "पोरानं वाईकडचे सांगितलं. मी फुग्यात वाईकडचे बघितलं, तिथंच बोट उचललं आणि वरचंच बटण दाबलं. गेलं कराडकडच्यांना. कसं, ते मला कळत नाही."

काळेसाहेब माझ्याकडे वळले. "सुलभाताई, असं होऊ शकतं का हो? फुग्यात एक आणि यादीत दुसरंच?"

मला एका श्वासात सगळं दिसलं. शेठजींची मटकी, वहीतली ओळ, तीस खोटी घरं. हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यांत मला हार घालणारी निम्मी.

"नाही," मी म्हणाले. "फुगा यादीवरूनच बनतो. बोट जरा सरकलं असेल."

बोट सरकलं असेल! एका जवळजवळ आंधळ्या म्हाताऱ्याच्या माथी मी ते इतक्या सहज मारलं की माझं मलाच नवल वाटलं.

आबासाहेब काही बोलायच्या आत वामनराव उठले. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. "ॲप ठीक आहे. आबासाहेब म्हणतात, पोरानं सांगितलं तेच दाबलं. मग सीधी बात आहे. पोरानंच कराडकडचे सांगितलं. म्हणजे कळवलं असं चार लोकांत म्हणता येईल आणि मी पोचणारही नाही. दादाचं तोंड मला बघू द्यायचं नव्हतं त्यांना."

"वामनराव, नाही हो!" आबासाहेब कळवळून म्हणाले. "पोरानं बरोबर सांगितलं. तो तुमच्यासाठी दोनपर्यंत थांबला होता. चूक माझी असेल. डोळे गेलेत माझे. बोट सरकलं असेल."

"तुम्ही दादाचे दोस्त. त्याच्या पोराला झाकणारच." असं म्हणून वामनराव निघून गेले.

मी तिथेच बसून होते. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. नाही उघडलं. बैठकीनंतर आबासाहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "माफ कर बेटा, तुझं एवढं चांगलं काम माझ्यामुळे बदनाम झालं." घरी जाऊन मी जेवले नाही. पण त्यानं कुणाचं काय भलं झालं?

त्याच आठवड्यात मी फुगा दुरुस्त केला. सात ओळी. यादी जुन्या फोनवरही फारशी अडखळली नाही, म्हणजे तो बहाणाही पोकळच होता. 'पाठवू का?' च्या खाली भाऊकीचं नाव टपोऱ्या अक्षरांत घातलं. मग पट्टी ओढून दोनशे वेळा बोट उचलून पाहिलं, दोनशे वेळा फुगा आणि यादी एक निघाली. ॲप सुधारलं की काय बदललं ते दोन शब्दांत लिहायचं असतं, लोक ते वाचतात. मी लिहिलं: किरकोळ सुधारणा.

आबासाहेबांचं काम मंडळानं काढून घेतलं. अपमान नको म्हणून त्यांचा सत्कार केला, शाल, श्रीफळ, 'प्रदीर्घ सेवा' वगैरे भाषणं. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. ह्या हातांनी.

तेव्हापासून निरोप मंडळाच्या ऑफिसातून जायला लागले. माझा फुगा कधी चुकला नाही. लोक मला भेटून सांगायचे, "अब बढ़िया चलता है." मी "हो ना" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

यंदा गणपतीत आरतीनंतर आबासाहेब मागच्या खुर्चीत बसलेले दिसले. शेजारच्या बाईंनी त्यांना कुणाचा तरी नंबर विचारला. त्यांनी खिशातून फोन काढला, तेवढ्यात त्यांच्या सुनेनं तो हळूच हातातून घेतला. "बाबा, राहू द्या. पुन्हा काहीतरी होऊन बसेल." ती वाईट नव्हे हो, चांगली आहे. काळजीनंच म्हणाली. आबासाहेबांनी फोन देऊन टाकला आणि रिकामा हात मांडीवर ठेवला. लहान मुलासारखा. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. थाटीपूरलाच, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. सात महिने ती दहा मिनिटं मला चालवली नव्हती. खुर्चीवर टेकायच्या आतच सांगून टाकलं. शेठजींपासून 'किरकोळ सुधारणा' पर्यंत, काही गाळलं नाही. सुनेच्या हातातल्या ताट-वाट्यांचा आवाज थांबला.

आबासाहेबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "म्हणजे बोट नव्हतं सरकलं."

"नाही. अगदी जागेवर होतं."

"मी रोज रात्री झोपताना ते बोट आठवून बघायचो गं. सरकलं का, कुठे सरकलं." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अगं, तू मला पक्का म्हणालीस! मी तुझ्यावर भरोसा ठेवून दाबलं. भरल्या बैठकीत तू माझ्याकडे बघत होतीस आणि सांगत होतीस, बोट सरकलं!"

मी रडायला लागले. "रडू नको," ते तितक्याच रागानं म्हणाले, "रडून माझं काय होणार आहे?"

त्यांच्यासमोरच मी मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, माझ्या नावानं. सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काळेसाहेबांचा लगेच फोन आला. आधी मला नको नको ते बोलले, आणि योग्यच बोलले. मग आबासाहेबांना म्हणाले, काम पुन्हा हातात घ्या, आम्ही घरी येऊन सांगतो. आबासाहेबांनी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"हे माझं झालं. पण हा निरोप तू चुकीच्या घरी आणलास, बेटा. मोरारला आधी जायला हवं होतं. वामनराव त्या ग्रुपवर नाहीत. ते मंडळाच्या सगळ्या ग्रुपांतून निघाले, निरोपाच्या यादीत तेवढे राहिलेत. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते. आत्ता फोन..."

"फोन नाही. दारात जा."

तर मी मोरारला गेले. बरोबर एक जुना फोन घेतला, ज्यात ते पहिलं, चुकीचं ॲप अजून होतं. वामनरावांनीच दार उघडलं. डोक्यावर केस पुन्हा आले होते, पण माणूस अर्धा झाला होता. मला ओळखलं. "आइए मैडम," म्हणाले, बसायला सांगितलं, आतमध्ये चहा टाकायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"महेशनं वाईकडचेच सांगितलं होतं," मी म्हणाले. "आबासाहेबांनी वाईकडचेच बघून दाबलं. ॲप चुकीचं होतं. मला माहीत होतं, आणि मी बैठकीत खोटं बोलले."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी जुना फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्ही स्वतः बघा. पट्टी ओढा. फुग्यात तुमची भाऊकी आली की बोट उचला."

त्यांनी चष्मा लावला. पट्टी ओढली. फुग्यात टपोरं आलं, 'जाधव वाईकडचे'. बोट उचललं. फुगा गेला आणि वरच्या पट्ट्यावर बारीक अक्षरांत राहिलं, 'जाधव कराडकडचे'. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, श्वास रोखून ओढली. मग फोन गुडघ्यावर ठेवला.

"म्हणजे पोरानं कळवलं होतं."

"हो."

"माझ्यासाठी थांबले होते."

"दोनपर्यंत. आबासाहेब तेव्हाच म्हणाले होते."

"म्हणाले होते. मी मानलं नाही." त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ते मला हाकलून देतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

"त्या दिवशीच."

आतून चहा आला. कप माझ्यापुढे ठेवला गेला. वामनराव भिंतीकडे बघत बोलायला लागले, माझ्याशी नव्हे, असंच. "आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वहिनी नवीनच लग्न होऊन आलेल्या. त्यांनीच वाढवलं मला. भांडण झालं ते दादाशी, वहिनींशी कधी नाही. बारा वर्षं दर राखीला कुणाच्या तरी हाती डबा पाठवायच्या."

वहिनी आता कशा आहेत, असं मी विचारणार होते.

"आषाढात वहिनी गेल्या," ते म्हणाले. "निरोप आला होता तेव्हा. सकाळी सातला. आरामात पोचलो असतो."

त्यांनी गुडघ्यावरचा जुना फोन माझ्याकडे सरकवला.

"गेलो नाही मी. म्हटलं, दादाच्या वेळी मी त्यांना नको होतो, आता कशाला जाऊ."

सकाळी सातचा तो निरोप माझ्याच ॲपमधून गेला होता. बरोबर भाऊकीला, बरोबर वेळेवर. चूक मी माघातच दुरुस्त केली होती. फक्त सांगितली नव्हती.